पाळण्यावरची पाटी

५ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

फोनवर तू अर्ध्या गोष्टींना नुसतं "हो हो" म्हणतेस आणि उरलेल्या अर्ध्यांना "थांब, तुझ्या बाबाला देते" म्हणतेस. बाबांना तर झटका आल्यापासून नीट बोलता येत नाही. म्हणून म्हटलं, सरळ पत्रच लिहावं.

मी बरी आहे. सातवा संपत आलाय. अजून कामावर जाते, कारण घरी बसून छत बघण्यापेक्षा ते बरं. कारखान्यात तपासणीच्या टेबलावर असते. खालून दिवा लावलेला असतो, वरून टॉवेलचं कापड सरकत राहतं आणि डाग, भोक, सुटलेला धागा दिसला की खडूने खूण करायची. दिवसभर उभं राहून संध्याकाळी पायांचे नुसते खांब होतात. मुकादमाकडे खुर्ची मागितली तर म्हणाला, बसलात की डोळा लागतो. त्याचं खोटं नाही म्हणा. मी उभ्यानेही झोपू शकते आजकाल.

खरं काम वेगळंच आहे. मुलगा झाला तर बाबांचं नाव ठेवायचं असं मी ठरवलंय. मुलगी झाली तर तिचं नाव तिचा बाप ठरवेल, अशी आमच्यात वाटणी आहे. पण बाबांच्या नावावरून घरात कुरबुर चालू आहे. ह्यांना ते पसंत नाही. जुनाट वाटतं म्हणे. सासूबाई म्हणाल्या, अर्थ तरी काय गं त्याचा? आणि मला सांगता येईना. आयुष्यभर बापाचं नाव लावलं आणि अर्थ ठाऊक नाही, तोंडात मारल्यासारखं झालं. तू जन्मभर लोकांची नावं कोरत आलीस. तुला माहीत असेल. कुठून आलं, अर्थ काय, एवढं का चालायचं, सगळं लिही. म्हणजे मला इथे चार माणसांत मान वर करून सांगता येईल.

आणि एक. दुकानातल्या खालच्या खणात, चिंध्यांखाली बाबांच्या पाळण्याची पितळी पाटी आहे. लहानपणी मी ती काढली होती आणि तू माझ्या हातातून हिसकावली होतीस. आजोबांनी कोरलेली, त्यांच्याच हातची. ती मला पाठव. ह्याच्या पाळण्याला लावायची आहे.

बाबांना सांग मी येईन. कधी ते मलाच माहीत नाही, पण येईन.

तुझी,
चिमी

१४ फेब्रुवारी

चिमे,

पत्र पोचलं. पोस्टमनने नेहमीसारखं ऐकवलं, की गावभर पाट्या लावणाऱ्यांच्या दाराला पाटी नाही, नवा माणूस आला तर पत्र कुठे टाकेल? मी म्हटलं, तू निवृत्त होऊ नकोस म्हणजे झालं.

भाऊ ठीक. ठीक म्हणजे कालच्यासारखाच. उजवा हात तसाच मांडीवर पडलेला. जीभ थोडी सुटलीय, पण दिवसाला पाचसहा शब्द काढतो आणि त्यातले तीन "नको" असतात. सकाळी त्याला उठवून बसवायचं, पुसायचं, भरवायचं, मग दुकान उघडायचं, दुपारी बंद करून परत यायचं. माझी पाठ आता मला विचारल्याशिवायच वाकते. तक्रार नाही करत, तू विचारलंस म्हणून सांगते. तू विचारलं नव्हतंस खरं तर. असू दे.

नावाचं म्हणशील तर वरच्या मजल्यावरच्या गुरुजींना विचारून आले. त्यांना कुणी काही विचारायला आलं की हवंच असतं. तासभर बसवलं. ते म्हणाले, हे आधी माणसाचं नाव नव्हतंच, कामाचं नाव होतं. नदीवरचा पूल राखायला जो माणूस ठेवत त्याला तसं म्हणायचे. शब्दाचा अर्थ, जागा न सोडणारा. मग एका पुरात असा एक राखणदार पुलावरच राहिला, अलीकडच्या पलीकडच्या लोकांना हाका मारून थांबवत राहिला आणि पुलाबरोबर गेला, अशी गोष्ट आहे. तेव्हापासून लोक मुलांना ते नाव ठेवायला लागले. गोष्ट खरी की खोटी ते गुरुजींनाही ठाऊक नाही. खोटी असली तरी माझी हरकत नाही.

पण ते एवढं चाललं ते पुरामुळे नाही. माझ्या जन्माच्या सुमाराला तापाची साथ आली होती. घराघरातली लहान मुलं गेली. त्यानंतर जो तो मुलाला हेच नाव ठेवायला लागला. जागा सोडू नको बाबा, असं त्याला रोज हाक मारून बजावायचं. आमच्या एका गल्लीत त्या नावाची इतकी पोरं होती की आया दारात उभं राहून ओरडल्या की सगळीकडून सगळेच धावत यायचे. मग मोठ्या कानाचा, दात पडलेला, शिंप्याचा, अशी फोड करावी लागायची.

दुकानात बसून एक शिकले मी. कुठलंही नाव आधी शाळेच्या ढालींवर येतं, धावण्यात पहिला, वक्तृत्वात दुसरा. वीस-पंचवीस वर्षांनी तेच दारावरच्या पाट्यांवर येतं. मग वकिलांच्या, डॉक्टरांच्या फळ्यांवर. आणि शेवटी दगडावर. हे नाव ढालीवर कोरून मला कितीतरी वर्षं झाली. आता फक्त दगडांवरच कोरते. परवाही एक कोरलं. तेव्हा जावयांचं काही अगदीच चुकलं असं मला वाटत नाही. आजकाल दोन अक्षरी, सुटसुटीत नावं किती छान छान निघालीत. ढालींवर बघते ना मी. हवी तर लिहून पाठवते.

पाटी शोधते. खणात काय काय पडलंय देव जाणे.

पायाखाली उशी घेऊन झोपत जा. आणि त्या मुकादमाला म्हणावं, एक दिवस पोट बांधून उभा राहून दाखव.

तुझी,
आत्या

२२ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि पुलावरच्या माणसाची गोष्ट शेजारच्या टेबलावरच्या बाईंना सांगितली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. जागा न सोडणारा! आत्या, ह्यापेक्षा चांगला अर्थ असतो का गं नावाला? बाबा तसेच तर होते. तेवढी वर्षं एकाच मार्गाची बस चालवली. आई गेली तेव्हा मी शाळेत, तरी दुसरीकडे कुठे बघितलं नाही त्यांनी. आता तर माझं पक्कंच झालं.

आमच्या कारखान्यातही त्या नावाचे तिघं आहेत. तिघंही निवृत्तीला टेकलेले. त्यातल्या एकाला, बॉयलरवाल्याला, मी विचारलं, आवडतं का नाव? तो म्हणाला, बाई, चाळीस वर्षांत कुणी हाक मारली असेल तर आठवेल, सगळे बॉयलर म्हणतात. म्हणजे त्यालाही नाव उरलंच नाहीय. बघ, म्हणूनच कुणीतरी परत ते चालवलं पाहिजे.

तुझी सुटसुटीत नावं तुझ्याकडेच ठेव. मला ढालीवरचं नाव नको, मला घरातलं हवंय. सध्या ह्यांच्याशी बोलणं बंद आहे. म्हणजे मीठ दे, दार लाव, एवढं चालू आहे. एवढ्या तेवढ्यावरून बोलणं वाढतं आणि मला आता वाद घालायला अंगात जीव नाही.

पोटातलं आता लाथा मारतं. मी टेबलाशी उभी राहून त्याला बाबांच्याच नावाने हाक मारते, मनातल्या मनात. सवय व्हावी म्हणून. यंत्रांच्या आवाजात कुणाला काही कळत नाही.

पाटी मिळाली का? पार्सलाला दिवस लागतात, आणि मागच्या वेळेसारखं लवकर काही झालं तर? वेळेत पाठव गं.

चिमी

६ मार्च

चिमे,

उशीर झाला लिहायला. भाऊ घसरला. लागलं नाही फार, पण त्याला उचलताना माझा खांदा धरला. शेजारचा लोहार आला धावत म्हणून निभावलं. दोन दिवस दुकान बंद होतं. एका शाळेची करंडकांची ऑर्डर पडून आहे आणि तिथला शिपाई रोज दारात येऊन उसासे टाकून जातो.

तुझं पत्र भाऊला वाचून दाखवलं. नावाचा मजकूर सोडून. त्याला उगाच त्रास नको. बाकी ऐकून तो हसला, मुकादमाच्या इथे तर चांगलाच हसला.

पाटी सापडली, पण पार काळी पडलीय. घासून निघते का बघते. एका बाजूने जरा वाकलीय पण. पाळण्याला वाकडी पाटी काय लावायची? आणि पितळ ते, धारेचं असतं, पोराला ओरखडा उठला तर? त्यापेक्षा मी लाकडाची करून देते. गोल, रंगीत. तू दुसरं एखादं नाव कळव, मी सुंदर कोरून देईन. आजकाल एक फुलाचं नाव मुलांना ठेवायला लागलेत, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं, पण कोरताना फार गोड अक्षरं येतात त्याची.

अगं, नावाने माणसाची ओळख राहते वगैरे सगळं ठीक आहे. पण तुझा बाप तुला आठवायला नाव कशाला लागतंय? तू त्याच्यासारखीच नाकाचा शेंडा खाजवतेस, ते पुरे आहे.

जावयांशी बोलत जा. माणूस वाईट नाही. मागच्या वेळी तुझ्यासाठी त्याने काय काय केलं ते मी बघितलंय.

आत्या

१५ मार्च

आत्या,

फेब्रुवारीत पाटी सापडत नव्हती. मार्चमध्ये सापडली तर काळी. काळी तर काळी, ती वाकलेली पण. वाकलेली सरळ करता येते म्हटलं तर तिला धार. तू दुकानात गिऱ्हाइकांना अशीच टोलवतेस का गं?

मी काही लहान नाही. मला कळतंय काय चाललंय ते. मी मुलगी. माझा मुलगा म्हणजे परक्या घरचा. घराण्याचं नाव त्याला कशाला, आजोबांच्या हातची पाटी त्याला कशाला, असंच ना? मला भाऊ असता आणि त्याला मुलगा झाला असता तर तू स्वतः पाटी चकचकीत करून, बसने येऊन, खिळे ठोकून गेली असतीस. ते सरळ सांग ना. बाबांनासुद्धा माझं पत्र गाळून वाचून दाखवतेस! त्यांच्या नावाबद्दल त्यांनाच विचारायचं नाही, असा कुठला कायदा?

मला वाटलं होतं निदान तू माझ्या बाजूची आहेस. इथे सगळे मला समजावतात. डॉक्टर समजावतात, सासूबाई समजावतात, हे तर समजावून समजावून गप्प झाले. तू पण सुरू झालीस. मला थकवा आलाय आत्या, समजून घेण्याचा. एक नाव मागितलं, त्यात एवढं काय?

पाटी द्यायची नसेल तर नको देऊस. नाव ठेवायला मला पाटी लागत नाही.

चिमी

२३ मार्च

चिमे बाळा,

तुझं पत्र वाचून मी दुकानाचं शटर खाली ओढलं आणि आत बसून राहिले. मुलीचा मुलगा म्हणून! हे मात्र लागलं. पण चूक माझीच, मी सांगायचं ते सांगितलं नाही आणि गोल गोल फिरत बसले. आता सांगते. हे मी भाऊला विचारून लिहितेय. तुझी तिन्ही पत्रं त्याला पुरती वाचून दाखवली, एक अक्षर न गाळता. तो म्हणाला, "सांग."

ती पाटी तुझ्या बाबाची नाही.

भाऊच्या आधी मला एक भाऊ होता. तुला कुणी सांगितलं नाही, कारण आमच्या घरात त्याच्याविषयी बोलायचंच नाही असं होतं. मी त्याच्याहून मोठी. गोरा, गुबगुबीत, सारखा पाण्यात हात घालणारा. साथीनंतर झालेला म्हणून हौसेने ते नाव ठेवलं. जागा न सोडणारा! वडिलांनी दुकान बंद ठेवून पाळण्याची पाटी कोरली. तीन वर्षांचा असताना तो गेला. साधा खोकला म्हणत होते.

पुढच्या वर्षी तुझा बाबा झाला. पाळणा तोच काढला. पाटी त्याच्यावर होतीच. वडिलांनी ती काढली नाही. नवी कोरायची म्हणजे जुनी उतरवायची, आणि ते त्यांच्या हातून होईना. म्हणून मग नावही तेच राहिलं. कुणी बसून ठरवलं असं नाही. पाटी होती, तिच्याखाली पोर निजवलं, झालं.

आईवडिलांना मी बोल लावत नाही. त्यांच्या जागी मी असते तर काय केलं असतं कुणास ठाऊक. पण आई स्वयंपाकघरातून त्या नावाने हाक मारायची ना, तेव्हा ती दाराकडे बघत असायची. भाऊ धावत आत आला की तिचा चेहरा क्षणभर उतरायचा. क्षणभरच. मग हसायची, जवळ घ्यायची. तिचं हसणं खरं होतं गं. पण आधीचं उतरणंही खरं होतं. पोराला ते रोज दिसायचं. त्याने कपडे पहिल्याचे घातले, खेळणी पहिल्याची घेतली, खोकला आला की घर भोवती गोळा व्हायचं ते आपल्यासाठी, का त्या पहिल्यासाठी, हे त्याला कधी कळलं नाही.

एकदा दुकानाच्या पायरीवर बसलो होतो. शाळेत जायला लागला होता तेव्हा. मला विचारलं, "ताई, तू त्याला काय म्हणायचीस?" मी म्हटलं, नावाने हाक मारायचे. तर म्हणाला, "मग मला भाऊ म्हण." तेव्हापासून मी भाऊ म्हणते. मग गल्ली म्हणायला लागली, शाळा म्हणायला लागली, बस डेपोत तर ते नाव पगाराच्या दिवसापुरतं. दारावर पाटी नाही म्हणून पोस्टमन ऐकवतो ना? वडील गेल्यावर मी त्याला म्हटलं होतं, आता दुकान माझं, तुझी पाटी कोरते. नको म्हणाला. ते नाव दारावर लावलं तर मी भाड्याने राहतोय असं वाटेल म्हणाला.

म्हणून मी आडवी येत होते. तुझा मुलगा परका म्हणून नाही, तो आमचाच म्हणून. ते नाव वाईट नाही. गुरुजींनी सांगितलेला अर्थही खरा असेल. पण आमच्या घरात ते एका पोराचं झालं आणि दुसऱ्याने ते उतरवलेल्या सदऱ्यासारखं घातलं. तुला बाबाची आठवण म्हणून हवंय हे मला कळतं. पण ते त्याचं नव्हतंच कधी.

आता तुझं तू ठरव. मी पाटी घासून ठेवलीय, वाकलेली वगैरे काही नाही. तू म्हणशील तर पाठवेन, एक शब्द बोलणार नाही.

आत्या

२ एप्रिल

ती. आत्या यांस,

सा. न. मुलगा झाला. थोडा लवकर झाला, पण वजन बरं आहे, रडतोही जोरात. दोघांचीही तब्येत चांगली आहे. काळजी करू नये. तुम्हाला फोन लावला होता, तुम्ही "हो हो" म्हणालात, पण तुम्हाला ऐकू आलं असं मला वाटलं नाही, म्हणून पत्र.

तुमचं पत्र प्रसूतीच्या आधी आलं. तिने वाचलं आणि उशीखाली ठेवलं. काय लिहिलंय ते मला सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. दवाखान्यातले नाव विचारतात तर ती भिंतीकडे तोंड करते. पाळण्यावरच्या चिठ्ठीत सध्या नुसतं "मुलगा" लिहिलंय. ती बाळाला घेते, पाजते, सगळं करते, पण बोलत नाही. मी रजा टाकून इथेच आहे. तुम्ही दोन शब्द लिहिलेत तर बरं होईल असं म्हणणार होतो, पण बहुतेक तिला अजून मागचेच पचायचे आहेत.

बाबांना नातू झाल्याचं सांगा.

आपला,
जावई

२६ एप्रिल

आत्या,

घरी आलोय. तो झोपलाय, हे भांडी घासतायत, मी खिडकीशी बसून लिहितेय. हात भरून येतो मध्येच, म्हणून अक्षर वाकडं.

मीही तुला खरं सांगितलं नव्हतं. पहिल्याच्या वेळी तुला कळवलं ना, की तो आठवडाच होता, नाव ठेवायच्या आधीच गेला? ते खोटं होतं. नाव मी तो पोटात असतानाच ठेवलं होतं. बाबांचं. आठवडाभर काचेच्या पेटीत हात घालून मी त्याला त्याच नावाने हाक मारत होते. तो गेल्यावर मला वाटलं, कुणाला सांगितलंच नाही तर नाव वापरलं गेलं नाही असं होईल. परत ठेवता येईल. कोरं राहील.

तुझ्या जावयाला ते जुनाट वाटतं हेही मीच जोडलेलं. त्यांनी तसं कधीच म्हटलं नव्हतं. ते म्हणाले होते, "तू ह्याला हाक मारतेयस की त्याला?" त्यावर मी त्यांच्याशी बोलणं टाकलं.

तुझं पत्र मी वाचलं आणि मला तुझा राग आला. म्हटलं, बाबांच्या आईचं वेगळं, माझं वेगळं. मी काय चेहरा उतरवणार आहे का? मग हा झाला. नर्सने आणून कुशीत दिला. मी त्या नावाने हाक मारली. त्याने जांभई दिली. आणि मी काय केलं माहितेय? त्याचा डावा कान बघितला. पहिल्याचा डावा कान वरून जरासा दुमडलेला होता. ह्याचा सरळ निघाला. आत्या, माझा चेहरा उतरला. माझा मलाच कळला. दुसऱ्या कुणी बघितलं नसेल, पण तो डोळे उघडून माझ्याकडेच बघत होता गं.

त्यानंतर कितीतरी दिवस मला तोंडच उघडेना. दिवसभर त्याच्याकडे बघत बसायचे. टेबलावर कापड बघते तसं. पण काही सापडेना, कारण काही चुकलेलंच नव्हतं. तो वेगळा आहे, एवढंच. रडताना खालचा ओठ बाहेर काढतो. दूध पिताना एक हात वर धरतो, बस थांबवल्यासारखा. बाबांना हे नक्की सांग.

बाबांना किती वेळा हाक ऐकावी लागली असेल, दुसऱ्याची. आणि मी म्हणत होते, त्यांची आठवण म्हणून! मी इतकी वर्षं त्यांची मुलगी आहे आणि मला हे ठाऊक नव्हतं. त्यांना म्हणावं, मला माफ करा. नको, मीच येऊन सांगेन.

नवं नाव ठरवलंय, आम्ही दोघांनी. घरात कुणाचं नाही, मोठ्या माणसाचं नाही, अर्थही साधाच आहे. इथे लिहीत नाही. महिन्याभरात येतोय, तेव्हा तू मोठ्याने हाक मार आणि तो बघतो का सांग.

आणि ती पाटी पाठव. ह्याच्यासाठी नाही. पहिल्याला जिथे ठेवलंय तिथे नुसतं गवत आहे. तिथे लावेन म्हणते. ते नाव त्याचंच राहू दे.

चिमी

१० मे

चिमे,

तुझं पत्र मी भाऊला वाचून दाखवलं. सगळं. मध्ये मध्ये थांबावं लागलं, चष्म्याची काच सारखी धुरकट होत होती. बस थांबवल्यासारखा हात वर धरतो म्हटल्यावर त्याने स्वतःचा डावा हात तसा वर करून बघितला.

ती पाटी मी तुला पाठवत नाही. रागावू नकोस, ऐक. तुझ्या पोराला दुसऱ्याची उतरवलेली पाटी कशाला? तो आठवडा राहिला असेल, पण तो आठवडा त्याचा होता. म्हणून त्याची वेगळी कोरलीय. सोबत पाठवलीय, फडक्यात गुंडाळलेली. नाव तेच, पण पितळ नवं, अक्षरं माझ्या हातची. खांद्यामुळे एका अक्षराची वेलांटी जरा हलली, ती समजून घे.

जुनी पाटी भाऊच्या हातात दिली. त्याने डाव्या हाताने उलटीपालटी केली आणि म्हणाला, "त्याची." आता तो काठीवर चार पावलं टाकतो, म्हणून गाडी करून दोघं गेलो, आमच्या त्या पहिल्या भावाला ठेवलं होतं तिथे. मी तिकडे लहानपणानंतर गेलेच नव्हते, भाऊ तर कधीच नाही. खूण काही उरली नाही, एक जुनी भिंत आहे तेवढी. तिथल्या माळ्याने दोन भोकं पाडून दिली. स्क्रू भाऊने मुठीत धरले होते, एकेक करून माझ्या हातात दिले. लावून झाल्यावर तो पाटीकडे बघत उभा राहिला आणि मला वाटलं, आता रडेल. रडला नाही. काठी टेकत गाडीकडे निघाला. मीच मागे राहून रडून घेतलं.

परत येताना गाडीत म्हणाला, "माझी?"

"तुझी काय?"

"पाटी."

मी थक्क झाले. म्हटलं, काय कोरू? पूर्ण नाव, आडनावासकट? त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसा तो बसमध्ये चुकीच्या बाजूने चढणाऱ्यांकडे बघायचा.

"भाऊ," म्हणाला.

तर तेवढंच कोरलं. जाड पितळाची, मोठी अक्षरं, शाळेचे करंडक बाजूला ठेवून. दारावर लावली. पोस्टमन आला, चष्मा वर करून वाचून गेला.

तुझ्या धाकट्यासाठी एक तुकडा कापून, घासून ठेवलाय. कोरा आहे. नाव घेऊन या, तुमच्यासमोर कोरते. लवकर या, माझा खांदा फार दिवस साथ देणार नाही.

भाऊ रोज सकाळी मला दार उघडायला लावतो. काठीच्या टोकाने एकेक अक्षर दाखवत स्वतःच वाचतो, "भाऊ." आणि मग स्वतःच ओ देतो.

तुझी,
आत्या